मनोऱ्याचं डोकं

मारुतीच्या देवळापुढे पाटावर ठेवलेल्या हापिसाच्या मातीच्या नमुन्यावरचं फडकं तुळशीरामनं काढलं आणि पेणच्या बाजारातल्या माणसांची वाचाच बसली. एरवी ही माणसं गप्प बसणाऱ्यांतली नव्हेत हो! देवळाला चुना कुठल्या रंगाचा लावायचा यावरून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भांडणारी. पण त्या दिवशी सगळ्यांचे आ वासलेले.

मग आवडाबाई किंचाळली. "अगो बाय! ह्ये काय गो?"

आवडाबाईची उभी हयात मिठागरावर गेलेली. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय, त्यामुळे तिचं किंचाळणं पार वेशीपर्यंत गेलं. तिच्यामागून सगळेच बोलायला लागले.

"डोस्कं बघा त्याचं, डोस्कं!"

"खाली कंबर न्हाय, नि वर ह्ये एवढं टकुरं!"

"हापिस हाय का राकुस?"

दयारामशेठ मिठाचा मोठा व्यापारी. मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, इमारती बघून आला आणि त्याच्या मनानं घेतलं की पेणच्या भर बाजारात आपलंही पाच मजली हापिस असावं, वर घड्याळाचा मनोरा असावा. इमारतीची भिंत देवळाच्या आवाराला लागणार, म्हणून गावकीचा होकार हवा. मुंबईच्या इंजिनेरानं काढलेला निळा कागद शेठनं आधी पंचांना दाखवून पाहिला. पंचांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि चहा पिऊन घरी गेले. तेव्हा शेठ तुळशीरामकडे आला. तुळशीराम गणपती करणारा. शेठ म्हणाला, "कागदावरचं मातीत करून दे बाबा, शेजारी देऊळही बारकं करून बसव. म्हणजे लोकांना कळेल तरी."

आता यात गंमत अशी, की ते हापिस उभं राहणार होतं तुळशीरामच्याच कारखान्याच्या जागेवर. कारखाना म्हणायचा आपला, होती ती कुडाची लांबलचक पडवी, पण बापाच्या वेळेपासून गणपती तिथेच घडत आले होते. जमीन शेठच्या घराण्याची. त्याच्या वडिलांनी तोंडी दिलेली, तोंडीच परत जाणार. गावकीनं होकार दिला की पावसाळ्याआधी तुळशीरामनं निघायचं. आणि जायचं कुठे? शाडूला कोरडी, वाऱ्याची जागा लागते. बाजारात तशी दुसरी नव्हती.

"वाकडातिकडा करा तो मनोरा," कृष्णाबाई, त्याची बायको, त्याला म्हणाली होती. "बघून लोक थुकले पायजेत. मग कसा बांधतोय शेठ ते बघू."

तुळशीराम असा भडकला म्हणता! "ज्या हातानं देव घडवायचा त्या हातानं मुद्दाम खोटं काम करू? पुन्हा बोलू नको, किस्ना."

आणि त्यानं जीव ओतून काम केलं. खिडक्यांच्या कमानी कोरल्या, घड्याळाचे काटे गव्हाच्या काडीचे लावले, पांढरा रंग दिला, कौलांना तांबडी काव. घडवताना नमुना गणपतीसारखाच उंच चौरंगावर ठेवला होता, मांजरं पाडतील म्हणून सुकायलाही सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला. येता-जाता मान वर करून बघायचा आणि मनाशी खूश व्हायचा. असं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि आज ते काम पाटावर, सगळ्यांच्या गुडघ्याशी ठेवलेलं होतं. तुळशीरामनंही ते पहिल्यांदाच वरून पाहिलं. लोक खोटं बोलत नव्हते. खालचे मजले चिंचोळे, वर चढत चढत मनोरा फुगत गेलेला आणि ते थोराड डोकं शेजारच्या बारक्या देवळावर ओणवं आलेलं. आता पडेल की मग पडेल!

"ह्ये मारुतीच्या माथ्यावर कोसळणार," गावकीचा म्होरक्या बुधाजी कापऱ्या आवाजात म्हणाला. "शेठ, तुमी आमच्या द्येवावर उठलात काय?"

"अरे पण कागदात असं नथी! नाही असं!" शेठ घामानं डबडबला होता. गोंधळला की त्याच्या तोंडी घरची गुजराती यायची. त्यानं निळा कागद फडकवला, पण त्याच्याकडे बघतो कोण! बायका देवळाच्या पायऱ्यांवर चढून मारुतीपुढे हात जोडत होत्या. शेठ वळला. "तुळशीराम, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

तोच कुणीतरी मागून ओरडलं, "केलं आसंल तर बेस केलं! शाबास रं गड्या!" हशा पिकला. लोक त्याची पाठ थोपटायला लागले. जागा वाचवायला तुळशीरामनं काय डोकं चालवलं म्हणून जो तो एकमेकांना सांगायला लागला. गर्दीच्या कडेला कृष्णाबाई उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता, की लग्नानंतर तुळशीरामनं तो तसा पाहिलाच नव्हता. नवऱ्यानं आपलं ऐकलं म्हणून.

तोवर तुळशीरामला कळून चुकलं होतं कुठे चुकलं ते. गणपती उंचावर बसतो, माणूस खालून बघतो. म्हणून डोकं मापापेक्षा जरा मोठं घ्यायचं, नाहीतर खालून देव बारक्या टाळक्याचा दिसतो. बापानं लहानपणी शिकवलेलं, हातात मुरलेलं. मनोऱ्याला हात लावला तेव्हा हातानं त्याला विचारलंच नाही. आणि वरच्या फळीवर तो झ्याकच दिसत होता.

आता नुसतं गप्प बसलं की काम झालं. हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही. जागा वाचत होती, बायको हसत होती, गाव शाबासकी देत होतं. पण ती शाबासकी त्याच्या अंगाला कुसळासारखी टोचायला लागली. म्हणजे या सगळ्यांना वाटतं, की तुळशीराम मुद्दाम वाईट घडवू शकतो? यांच्या घरोघरी बसतात ते गणपती याच हातचे ना?

"मुद्दाम न्हाय केलं," तो म्हणाला. हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाला, "न्हाय केलं मुद्दाम! कागदात सरळच हाय. माजा हात चुकला, गणपतीची सवय. आन तुमीबी चुकीचं बघताय. इमारत काय वरनं बघायची आसती?"

त्यानं उपरण्याची चुंबळ केली, पाट उचलून डोक्यावर घेतला, चतुर्थीला गणपती नेतात तसा, आणि दीपमाळेच्या चौथऱ्यावर चढून उभा राहिला.

"आता बघा."

लोकांनी माना वर केल्या. निळ्या आभाळात पांढरा मनोरा सरळ, ऐटीत उभा होता. देऊळ त्याच्या शेजारी निवांत.

"आग बाय," आवडाबाई हळूच म्हणाली, "किती साजरं दिसतंय गो."

बुधाजीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, मान डोलावली. शेठचे डोळे भरून आले. गावकीनं तिथल्या तिथे होकार दिला. पाटाखाली मान ताठ धरून उभ्या असलेल्या तुळशीरामला यातलं काही दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

तो परतला तेव्हा कृष्णाबाई कारखान्यातल्या फळ्या काढत होती. रंगाच्या वाट्या टोपलीत भरून झाल्या होत्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं फळीचं दुसरं टोक धरलं. पण राहवेना.

"किस्ना," त्यानं विचारलं, "खालनं चांगला दिसला काय गो?"

तिनं फळी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"लई चांगला दिसला," ती म्हणाली आणि रडायला लागली.