एकही सिगारेट नाही

पर्स उलटी केल्यावर तपासणीच्या पलंगावर पडलं ते असं: दोन कंगवे, एक कात्री, सात क्लिपा, सलूनच्या किल्ल्यांचा जुडगा आणि निकोटिनच्या च्युइंगमची तीन पाकिटं, त्यातलं एक अर्धं संपलेलं. सिगारेट एकही नाही.

"दिसलं?" सलूनवाली तोऱ्यात म्हणाली. "वीस वर्षं ओढली, पण चेहरा ताणायचं ऑपरेशन ठरलं तशी बंद म्हणजे बंद. आता या डागाचं खापर माझ्यावर फोडू नका."

डॉक्टरबाईंनी पाकीट उचललं. "हे रोज किती?"

"दहा-बारा. सिगारेट सुटायला मदत होते म्हणून पाकिटावर लिहिलंय. झाली की!"

सोबत आलेल्या धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारला. "अगं ताई, त्यातही निकोटिनच ना!"

"तू गप गं. वाईट असतो तो धूर."

"धूर वाईटच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण चेहरा ताणताना कातडी खालून सोडवलेली असते. तिच्या कडेला रक्त पोचतं ते केसाएवढ्या नळ्यांतून. निकोटिन कुठूनही येवो, त्या नळ्या आवळतं, आणि रक्ताविना कातडी मरून काळी पडते." त्यांनी तिच्या कानापुढच्या काळ्या डागावर पारदर्शक मोजपट्टी धरली. बावीस मिलिमीटर लांब, नऊ रुंद. "वाढला तर कापून दुसरीकडची कातडी लावावी लागेल. मी नुसतं 'सिगारेट बंद' म्हणाले. निकोटिन बंद म्हणायला हवं होतं."

"मग अर्धा डाग तुमचा," सलूनवाली म्हणाली आणि तिन्ही पाकिटं कचऱ्यात टाकून उठली.

रस्त्यात बहीण मागे लागली. "केस पुढे घे. थोडे दिवस दुकान बंद ठेव. लोक विचारतील."

"विचारू देत. जगाला रोज आरसा दाखवते, आणि स्वतः तोंड लपवून बसू?"

तिने केस वर बांधले आणि दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाईक बाईची नजर आरशातून कानापाशी घुटमळू लागली.

"काय झालं हो तिथे?"

"सुंदर व्हायला गेले होते. च्युइंगम नडलं."

"अगंबाई! पस्तावलात?"

"कशाला? हनुवटी बघा ना!"

तलफ मात्र पिच्छा सोडेना. ती आली की सलूनवाली दात आवळून झाडू घेई, खाली एक केस नसला तरी. "फरशी झिजेल, ताई," बहीण म्हणाली. "झिजू दे. माझी आहे."

पुढच्या तपासणीला तिने कुणी मागायच्या आधीच लघवीची बाटली टेबलावर ठेवली.

"माझ्या शब्दावर जाऊ नका. आधी ही तपासा, मग मोजा. आणि कापायचं असेल तर तोंडावर सांगा, मी रडणाऱ्यातली नाही."

बहिणीने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टरबाईंनी बाटलीत चाचणीची पट्टी बुडवली, मग कानापुढे मोजपट्टी धरली.

लघवीत निकोटिनचा अंश नाही. डाग चौदा मिलिमीटर लांब, पाच रुंद.