धाकट्याच्या दिवशीच बंद

“तूच काहीतरी करून ठेवतोस!” धाकटा माझ्या गॅरेजच्या दारातच थोरल्या भावावर ओरडला. “तुझ्या दिवशी टेंपो पळतो आणि माझ्या दिवशी रस्त्यात मुक्काम ठोकतो. काल टोमॅटो भरलेली गाडी ओढ्यापाशी उभी! ना हॉर्न, ना दिवा, ना स्टार्टर. निम्मा माल जागेवर मऊ पडला!”

“मला काय दुसरे उद्योग नाहीत? चालवता येत नाही, ते सांग ना सरळ.”

ह्या दोघांच्या चुली गेल्या वर्षी वेगळ्या झाल्या. रान वाटलं, म्हशी वाटल्या, भांडीसुद्धा वाटली. बापाच्या वेळचा टेंपो काही मधोमध कापता येईना, म्हणून एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा, असं ठरलं. आता वैतागून धाकट्यानं त्याला गिऱ्हाईक बघितलं होतं आणि ते उद्या येणार होतं. टेंपो गेला, की दोघांत सामायिक अशी आईच तेवढी उरणार होती. म्हणून तर ती दोघांच्या मागोमाग येऊन माझ्या गॅरेजात टायरवर बसली होती.

“ए शिडी,” ती मला म्हणाली. माझ्या उंचीमुळं गावानं मला हेच नाव दिलंय. “आज तरी ह्याचं दुखणं सापडणार का?”

मी काय सांगणार? टेंपो माझ्याकडं आला की शहाण्या पोरासारखा वागायचा. मी आत बसून चावी फिरवायचो आणि तो एका झटक्यात सुरू. बॅटरी तपासली, फ्यूज बदलले, टेप गुंडाळून गुंडाळून हात चिकट झाले. गावात माझं हसं व्हायला लागलं होतं आणि त्या टेंपोचा मला मनापासून राग आला होता.

“बंद पडताना बघायचाय मला,” मी म्हणालो. “धाकट्या, तू चालव. मी मधे बसतो.”

“आणि थोरला दाराशी,” आई म्हणाली.

“मी कशाला?”

“ढकलायला.”

निघालो. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळं सगळं माझ्यामार्फत.

“शिडीदा, त्याला सांग, खड्डा चुकव.”

“शिडीदा, त्याला सांग, डोळे आहेत मला.”

ओढ्याच्या उतारावर टेंपो दोनदा आदळला आणि गप्प झाला. दिवे गेले, हॉर्न मेला. दुसऱ्याची गाडी बंद पडल्यावर मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी टेस्टर काढेपर्यंत थोरला पलीकडून आलासुद्धा.

“उतर. मी बघतो.”

धाकटा उतरला. थोरला बसला, तर गुडघे स्टिअरिंगला लागले. चिडून त्यानं सीट खाडकन मागं ढकलली, चावी फिरवली आणि टेंपो सुरू!

“बघितलंस, शिडीदा?” धाकटा रडकुंडीला आला. “ह्याचा हात लागला की चालतो!”

माझ्या डोक्यात मात्र उजेड पडला. थोरला उंच, मी त्याहून उंच. धाकटा आईवर गेलेला, ठेंगणा. “सीट पुढं घे,” मी म्हणालो. थोरल्यानं घेतली, मी खालून एक धक्का दिला. बंद. “मागं घे.” चालू. सीट उचलून बघितली, तर खाली बॅटरीची जाड वायर. सीट पुढं आली की तिच्या खालचा पत्रा वायरीला ओढायचा, टोक सैल व्हायचं आणि खड्ड्यात सुटायचं. सीट मागं गेली की ते पुन्हा टेकायचं. गॅरेजात मी पहिल्यांदा सीटच मागं ढकलायचो. म्हणजे दुखणं शोधायच्या आधी मीच ते बरं करत होतो!

धाकटा वायरीकडं बघत राहिला, मग थोरल्याकडं. “म्हणजे तू काही...”

“नाही रे. तुझे पाय आखूड, त्याला मी काय करू?”

धाकट्याला हसू फुटलं, मग थोरल्यालाही. कित्येक महिन्यांनी दोघं मला मधे न घालता बोलले आणि मला फार बरं वाटलं.

परत येऊन मी नवी वायर टाकली. दोघं हात धुवायला गेल्यावर आई जवळ आली.

“वायर पक्की झाली?”

“एकदम.”

“मग सीटपण पक्की कर. मागंच. दोन बोल्ट मार.”

“काकू, धाकट्याचा पाय क्लचला पोचणार नाही!”

“तेच म्हणते मी.”

मी बोल्ट मारले आणि सीट गंजून अडकलीय, अशी थाप ठोकून दिली. धाकट्यानं वाकून ते दोन्ही चकचकीत बोल्ट नीट बघितले. बघून “बरं” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी टेंपो विकायचा नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. आता रोज थोरला चालवतो, धाकटा शेजारी बसून खड्डे दाखवतो आणि बाजारापर्यंत दोघं भांडत जातात. ते बोल्ट उघडायला एक पाना पुरतो. तो धाकट्याच्या गुडघ्यासमोरच्या खणात पडलेला असतो, पण अजून त्यानं त्याला हात लावलेला नाही.