मोकळ्या जागा राखणारी सतरंजी

मित्रांनो, जरा बेतानं पाय ठेवा, माझी एक कड उसवली आहे. मी एक जुनी सतरंजी आहे. माझ्या अंगावर निळे आणि तांबडे पट्टे होते. आता त्यातला निळा कुठला आणि तांबडा कुठला, हे माझं मलाच सांगता येत नाही. कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी जे लहानसं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात मी माझा सारा जन्म काढला.

जन्मले मात्र तुरुंगात. हसू नका! निजामाविरुद्धच्या पोलिस अ‍ॅक्शनला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि औरंगाबादच्या तुरुंगात कैदी माग चालवत. ज्यानं मला विणलं त्याला भेटायला कधीच कुणी येत नसे. तो बिचारा विणता विणता घरच्या माणसांची नावं घ्यायचा. मनकर्णा म्हणायचा आणि लोखंडी पंज्यानं दोरा ठोकायचा, सांडू म्हणायचा आणि पुन्हा ठोकायचा. मी अशी नावं ऐकत ऐकत लांब होत गेले. तो सुटला की नाही, देव जाणे. मला अजून त्याची आठवण येते.

बैलगाडीत पडून मी गावात आले तेव्हा काय माझा थाट! मंदिराची झाडलोट करणारा आणि घंटा वाजवणारा कडूबा मला बाळासारखं जपायचा. दर शनिवारी झटकायचा, उन्हात टाकायचा. नवी नवरी बघावी तशा बाया हात फिरवून बघायच्या. रविवारी एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, आणि मध्ये रांगणारी पोरं. खंजिरी वाजायला लागली की मलाही ताल धरावासा वाटे.

आमची मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारी माणसं, थोडीच. बहुतेक घरं मजुरीवर जगणारी. दिवाळी झाली की अर्धं गाव बैलगाड्या जुंपून नगरकडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जाई, ते उन्हाळा तापल्यावर परत येई. पहिल्यांदा गाड्या गेल्या त्या रविवारी मी अगदी ओकीबोकी दिसत होते. कडूबा म्हणाला, “सरका गं बायांनो म्होरं, जागा लई मोकळी दिसती.”

चतुराबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा मुलगा भिकन आणि सून आशा दोघंही तोडीला गेलेले. ती ठामपणे म्हणाली, “म्या नाय सरकायची. ही आशाची जागा हाय. जागा मोकळी दिसली तर तिची याद येती, अन् याद आली तर तिच्यासाठी प्रार्थना व्हती.”

झालं! तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. जो तोडीला जाईल त्याची जागा मोकळी ठेवायची, शेजारच्यानं तिथं हात ठेवून मनातल्या मनात त्याचं नाव घ्यायचं आणि प्रार्थना करायची. त्या तळव्यांची ऊब मला आजही आठवते.

आता सांगते शांतवन पाळकसाहेबांची गोष्ट. ते नुकतेच शिकून आलेले, अंगात नुसती हुशारी सळसळत होती. दिवाळीनंतर, गाड्या निघून गेल्यावर ते गावात उतरले. आल्या आल्या त्यांनी किती बेत सांगितले म्हणता! बाकं करू, कर्णा लावू, तरुणांचा संघ काढू, गायनाचा वर्ग घेऊ. सगळं एकदम. दिवसभर धावपळ करायचे आणि जेवायचंसुद्धा विसरायचे. पाळकीणबाई ताट झाकून वाट बघत बसायच्या. रविवारचं प्रवचन इतकं लांबायचं की पोरं माझ्यावर आडवी होऊन झोपी जायची. मला काय, मला झोपलेली पोरं आवडतात. पण साहेबांचा चेहरा उतरायचा.

त्यांना सगळ्यांत खुपायच्या त्या मधल्या मोकळ्या जागा. दोन माणसं इथं, तीन तिथं, मध्ये हातहातभर अंतर. त्यांना वाटलं, या लोकांचं आपसात वाकडं आहे, एकमेकांजवळ बसायलाही तयार नाहीत. त्यांनी ऐक्यावर प्रवचनं दिली. एकदा भांडणावर दिलं. एकदा तर रागावून म्हणाले, “ज्यांना शेजारी बसवत नाही, त्यांनी प्रीतीची गीतं गाऊ नयेत!” लोक खाली माना घालून बसले. उपासनेत पाळकाला उलट बोलायचं नाही, हीही आमची रीतच. आणि मोकळ्या जागेचं म्हणाल तर, जे सगळ्यांनाच ठाऊक, ते कोण कुणाला सांगतं? साहेब एवढे शिकलेले, त्यांना माहीत असेलच, असं प्रत्येकाला वाटत होतं.

नाताळ असाच सुना गेला. मग जानेवारीतल्या एका रविवारी साहेबांनी कडूबा यायच्या आत मला मधोमध दुमडलं. अर्धीच अंथरली. म्हणजे आता कशी माणसं जवळ जवळ बसत नाहीत ते बघू!

थंडी अशी की फरशीला पाय लाववत नव्हता. लोक आले, माझ्याकडं बघत दारात थबकले. मग एकेक जण मुकाट्यानं आत आला आणि आपापल्या जागेवर जाऊन बसला. ज्यांच्या जागा दुमडलेल्या भागात होत्या, ते तशाच गारठ्या फरशीवर बसले. शेजारच्या मोकळ्या फरशीवर हात ठेवून बसले. चतुराबाईचे गुडघे दुखायचे हो, तरी तीही फरशीवर. मी जवळच होते आणि मला तिच्याखाली जाता येईना. इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

साहेबांनी त्या दिवशी प्रवचन मध्येच सोडलं. कशीबशी उपासना उरकली, आशीर्वाद दिला. लोक “सलाम, पाळकसाहेब” म्हणत घरी गेले. साहेब झगा न काढताच माझ्या दुमडलेल्या कडेवर बसले. पाळकीणबाई जवळ आल्या.

“माझ्याच्यानं नाही होत,” साहेब म्हणाले. “ही माणसं थंडीत बसतील, पण माझं ऐकणार नाहीत. मी उद्याच्या बसनं औरंगाबादला जातो. बिशपसाहेबांच्या पाया पडून सांगतो, मला इथून हलवा. नाहीतर दुसरं काही काम द्या. मी पाळक व्हायलाच नको होतं.”

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. पाळकीणबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो, थांबा, अहो, तुमचं चुकतंय! पण सतरंजीचं कोण ऐकतं?

एवढ्यात काठी टेकत चतुराबाई परत आली. साहेबांना बघून जरा ओशाळली. “काय नाय, सतरंजी पसरून ठिवते. असं दुमडलेलं बघून घरी करमना मला.” तिनं वाकून माझी कड धरली, पण तिच्यानं मी काय उचलली जाणार? साहेब उठले, त्यांनी दुसरं टोक धरलं. माणूस भलाच होता तो.

मला सरळ करता करता चतुराबाई एकेका जागेवर हात मारत गेली. “हितं आमचा भिकन बसतो. हितं आमची आशा, तिला आता दिवस गेलेत. हा बद्रीनाथ, खंजिरी वाजवणारा. तिकडं पडलेत बघा सगळे, उसाच्या पाचटात. आली म्हंजी जागा नको का त्यांना?”

साहेबांनी हातातलं टोक खाली ठेवलं. “म्हणजे… तुम्ही त्यांच्यासाठी जागा ठेवता? तुमचं भांडण नाही?”

“भांडण? आमचं?” म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. “अगं बया! म्हून तुमी आमाला रागवत व्हता व्हय? आमी म्हणलं, साहेबाला शहराची सवय, गाव मानवंना त्यायला.”

साहेबांनी मान खाली घातली. मग त्यांची नजर व्यासपीठाच्या पायाशी गेली. तिथं, अगदी पुढं, एक जागा कायम मोकळी असायची. पूर्वीचे पाळक प्रवचन संपलं की खाली उतरून तिथं बसायचे. “आणि ही जागा? हिचा माणूसही तोडीला गेलाय?”

“ती तुमची,” चतुराबाई म्हणाली. “तुमी कधी बसलेच नाय. सारखे उभे अन् सारखे पळापळी. दिवाळीपासनं कडूबा दर रविवारी तिथं हात ठिवून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. म्हणतो, आपला पाळक अजून यायचाय.”

मग आवाज मऊ करून ती म्हणाली, “साहेब, मंडळी थोरली करायला तुमाला धाडलं नाय. हायेत ती लेकरं सांभाळा. येळेवर दोन घास खा. आमची नावं पाठ करा. बाकीचं हळूहळू व्हतंय.”

शांतवन साहेब गुडघे टेकून त्या जागेवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना सगळ्या अंगानं धरून ठेवलं. बस दुसऱ्या दिवशी त्यांच्याशिवायच गेली.

मग साहेबांनी बेतांची गाठोडी बाजूला ठेवली. सकाळी प्रार्थना, मग घरोघर जाणं, दुपारी पाळकीणबाईंबरोबर बसून जेवण. प्रवचन छोटं झालं. पोरं जागी राहायला लागली, तेवढंच मला चुकल्यासारखं वाटायचं. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला गुंडाळून बसच्या टपावर चढवलं आणि थेट नगरकडच्या कारखान्यावर नेलं! तिथं पाचटाच्या झोपड्यांपुढं साहेबांनी मला अंथरलं. कोयते बाजूला ठेवून आमची माणसं धावत आली. भिकननं मला हुंगून बघितलं. “आपल्या मंदिराचा वास हाय गं!” तो आशाला म्हणाला. आणि काय सांगू मित्रांनो, सगळे आपापल्या जागेवर बसले. गावाकडं राहिलेल्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. आशानं सासूच्या जागेवर हात ठेवला. कारखान्याच्या धुराड्यातल्या काजळीचे डाग मला तिथंच पडले. ते मी दागिन्यांसारखे मिरवते.

साहेब आमच्याकडं म्हातारे झाले. शहरातल्या मोठ्या मंडळीनं बोलावलं, पण गेले नाहीत. पुढं बाकंही आली, ती त्यांनीच आणली. मग माझी रवानगी कोपऱ्यात झाली. उंदरांनी कड कुरतडली, वर्षानुवर्षं ऊन दिसलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्या गुडघ्यांना बाक बरं, हेही खरं.

साहेब निवृत्त होऊन गावाबाहेर राहायला गेले होते, ते वारल्याची खबर आली त्या रविवारी लोकांनी बाकं बाहेर काढली आणि मला अंथरलं. व्यासपीठाच्या पायाशी जागा मोकळी ठेवली. नवे पाळक अगदी तरुण होते. चार दिवसांपूर्वीच एकटे मंदिरात उसासे टाकत फिरताना मी त्यांना ऐकलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, “ही शांतवन साहेबांची जागा ना?”

“व्हती,” आशाबाई म्हणाली. तीही आता म्हातारी झाली आहे. “आता तुमची. लई दिवस झाले राखून ठिवलीय. बसा.”

तर मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून जपा आणि जमलं तर ही उसवलेली कड शिवून टाका. आणि तुमच्या लहानशा मंडळीत, लहानशा शाळेत, सगळ्यांसाठी सारखा उभा राहून थकलेला कुणी दिसला, तर त्याचा हात धरा, त्याला खाली बसवा आणि सांगा, ही जागा तुमची आहे.