खंडेनवमीची सायकल

ही गोष्ट १९९६ सालची. लखनौच्या अलीगंजात तेव्हा घरोघर स्कूटर होत्या, टेलिफोन ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे सगळी गल्ली निरोप ठेवायची, आणि जाड दातेरी टायरांची, गिअरवाली डोंगरी सायकल साऱ्या कॉलनीत एकच होती. ती शर्मिष्ठा वैशंपायनची. मुलीच्या हाती अशी सायकल कशी, हाच लोकांचा पहिला आक्षेप.

सायकल पाठवली पुण्याच्या श्रीरंगमामाने, भाची बीएस्सीला कॉलेजात पहिली आली म्हणून. गोणपाटात गुंडाळून, रेल्वेच्या पार्सलने. वडील मधुसूदनराव रेल्वेत इंजिनीअर. पार्सल त्यांनीच सोडवून आणलं आणि गोणपाट उलगडल्यावर म्हणाले, "ही तर मुलाची सायकल. अभिरामला होईल."

"वरचं नाव वाचा," आई विनीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नाव शर्मिष्ठाचं होतं, त्यामुळे तो विषय तिथे मिटला. निदान तसं वाटलं.

शर्मिष्ठा रोज सकाळी कुकरैलच्या जंगलाकडे जायची आणि चिखलाने माखून यायची. मग अंगणात सायकल उलटी करून बसायची. चिखल आधी वाळू द्यायची, मग ब्रशने झाडायची. बादलीभर पाणी ओतणं तिला मुळीच खपायचं नाही, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. ओलं फडकं, मग कोरडं फडकं. साखळी रॉकेलच्या बोळ्याने पुसायची, दात्यांमधली घाण जुन्या टूथब्रशने काढायची, आणि शेवटी पेडल उलटं फिरवत कडीकडीवर मशीनचं तेल थेंब थेंब सोडायची. जास्तीचं तेल लगेच पुसून घ्यायची. रिमजवळ मात्र तेलाचा हातसुद्धा न्यायची नाही. ब्रेकचे रबर रिमलाच धरतात, तिथे तेल लागलं की धरायचं कशाला?

शेजारच्या तिवारीचाची गच्चीतून बघत असायच्या. "बिटिया, इतना तो हम अपने दूल्हे को नहीं रगड़े थे!"

"चाची, आपका दूल्हा कीचड़ में लोटता तो आप भी रगड़तीं!"

अभिराम तिचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला सायकल हवी असायची, पण ती पुसायची म्हटलं की त्याचं कॉलेज निघायचं. "अरे यार ताई, तू करती है ना इतना अच्छा," म्हणून चिखलासकट सायकल भिंतीला टेकवून तो पसार.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी एका क्लबने कुकरैलला सायकलींची शर्यत ठेवली होती, आणि पहिल्यांदाच मुलींनाही घेणार होते. शर्मिष्ठाने नाव दिलं. मधुसूदनराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नकाराला एखादं कारण सापडायचं बाकी होतं.

नवरात्रात साताऱ्याहून माणिकआत्या आली. मधुसूदनरावांची थोरली बहीण. येताना पिशवीत आपट्याची पानं घेऊन आली, लखनौत ती कुठे शोधायची! खंडेनवमीला हत्यारांची आणि वाहनांची पूजा घरी रीतसर व्हायची. बाबांची पट्टी-कंपास, आईची शिलाई मशीन, विळी, स्कूटर आणि आता ही सायकल. शर्मिष्ठा सकाळीच सायकल लख्ख करून प्रॅक्टिकलला कॉलेजात गेली. संध्याकाळी परतली तेव्हा व्हरांड्यात सायकल झेंडूच्या माळा घालून, कुंकू लावून, वर साडीचा पदर टाकल्यासारखं वस्त्र पांघरून उभी होती.

तिने सवयीने फडकं उचललं. आत्या म्हणाली, "अं हं! आज हत्याराला हात लावायचा नाही. आज त्याची विश्रांती."

शर्मिष्ठाने फडकं ठेवून दिलं. एरवी कॉलेजातून आल्यावरही ती सायकलीवरून एकदा हात फिरवायची; ती संध्याकाळ तेवढी चुकली.

दसऱ्याच्या सकाळी आई आणि आत्या हनुमानाच्या देवळात गेल्या. शर्मिष्ठा न्हायला गेली तेवढ्यात अभिराम कुणाला न विचारता सायकल घेऊन जिलबी आणायला निघाला. येताना नदीच्या बांधावरच्या उतारावरून सुसाट आला. खाली मैदानात कॉलनीचा रावण उभा करत होते. अभिरामने ब्रेक दाबले, सायकल थांबली नाही. तो सरळ रावणाच्या डाव्या पायात घुसला. बांबू कडाडले, रावण गुडघ्यातून बसला आणि जिलबी रस्त्याभर झाली.

अभिरामला चार ओरखडे आले. मंडळी मात्र भडकली. त्याला आणि सायकलीला घेऊन सात-आठ जण फाटकात आले. "वैशंपायन साहब, ये बिटिया की साइकिल में ब्रेक ही नहीं है! शाम को रावण एक टाँग पर जलेगा क्या?"

मधुसूदनरावांनी हात जोडले, लोकांना वाटेला लावलं आणि वळून कडाडले, "शर्मिष्ठा! सायकल नीट ठेवता येत नाही, आणि शर्यतीत जायचं म्हणे!"

शर्मिष्ठाचे केस अजून ओले होते. "मी? बाबा, मी नीट ठेवत नाही?"

"मग ब्रेक का नाही लागले?"

"ती घेऊन कोण गेलं, ते नाही विचारलंत!"

"त्याला लागलंय. त्याच्यावर नको घसरूस."

अभिराम कोपर धरून पलंगावर बसला होता, आणि आईने ठेवलेला लाडू दुसऱ्या हाताने खात होता.

शर्मिष्ठा सायकलीशी वाकली. रिम आरशासारखी चमकत होती. अशी तर ती कधीच चमकली नव्हती. तिने नाक जवळ नेलं. खोबरेल तेल! आत्याच्या केसांना यायचा तोच वास. तिला क्षणात सगळं समजलं. आत्याने समईसारखं चाक उजळलं होतं, पूजेला शोभावं म्हणून.

"बाबा, रिमला तेल लागलंय. हात लावून बघा."

"लागलं असेल तुझ्याच हातून. तेलाची बुधली घेऊन तूच बसतेस ना रोज?"

"हात तर लावून बघा!"

"तू मला ब्रेक शिकवणार? तीस वर्षं रेल्वेत काढलीत मी." आणि ते खुर्चीत बसले. "शर्यत बंद. सायकल बरेलीला ऋषभकडे पाठवून देऊ. पुतण्या आहे, मुलगा आहे, वापरेल."

शर्मिष्ठा संतापली. ऑफिसात हा माणूस ब्रेक तपासल्याशिवाय डबा हलू देत नसे, आणि घरात एक बोट लावायला तयार नव्हता! आत्याचं नाव तिने घेतलं नाही. म्हातारीने मायेने केलं होतं.

पण विनीताबाईंबरोबर देवळातून परतलेल्या आत्याने दारातच सगळं ऐकलं आणि चपला काढता काढता म्हणाली, "तेल ना? मी लावलं. चाकं कशी फिकट दिसत होती. दोन्हींना चांगलं चोळून लावलं. का रे?"

मधुसूदनराव चक्क हसले. पोट धरून हसले. "ताई, अगं तू रावण पाडलास! ऐकलंस का विनीता?"

विनीताबाई हसल्या नाहीत. शर्मिष्ठाचे डोळे भरून आले. तिची चूक समजले तेव्हा सायकल घरातून जात होती. आत्याची निघाली तर घरभर हसू!

"मग सायकल राहणार ना?" तिने विचारलं.

"अगं, सायकलीचं नाही. पण मुलीच्या जातीने जंगलात... लोक काय..."

"म्हणजे ब्रेकचं निमित्त होतं," शर्मिष्ठा म्हणाली.

आत्या तिच्याकडे आणि भावाकडे बघत राहिली.

संध्याकाळी देवापुढे आपट्याची पानं ठेवली. धाकट्यांनी थोरल्यांना सोनं द्यायचं आणि वाकायचं. अभिरामने दिलं. मधुसूदनराव पानं घेऊन बहिणीपुढे वाकले, तर आत्याने हात मागे घेतला.

"मधू, तुझं सोनं मला नको."

"ताई! आज दसरा आहे!"

"माझं चुकलं तर हसतोस, आणि पोरीचं न चुकता तिची सायकल वाटून टाकतोस? आधी तिचं ऐक."

शर्मिष्ठाने मुठीत पानं गच्च धरली होती. "बाबा, मीही आज सोनं देणार नाही. आधी रिमला बोट लावा."

"अगं, ताईने सांगितलं ना, आता कशाला..."

"तिने सांगितलं म्हणून खरं झालं. मी सांगत होते तेव्हा नव्हतं."

बाहेर मैदानात ढोल वाजत होते. मधुसूदनराव उठले, व्हरांड्यात गेले आणि वाकून रिमवर बोट फिरवलं. बोट तेलाने चकाकलं, त्याला थोडं कुंकूही लागलं. मग आत येऊन हळूच म्हणाले, "तेल आहे."

"होतंच," शर्मिष्ठा म्हणाली.

"रविवारी जा," ते म्हणाले. "चुकलं" हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही. शर्मिष्ठाने पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकली, पण फार खाली नाही.

दोन दिवस तिने गरम पाणी आणि सोड्याने रिमा घासल्या, ब्रेकचे रबर पॉलिशपेपरवर खरवडले. रविवारी तिचा चौथा नंबर आला. चिखलाने भरून ती परतली तेव्हा वडील फाटकात फडकं घेऊन उभे होते. तिने फडकं त्यांच्या हातातून घेतलं. "राहू द्या. तुम्ही तेल कुठे लावाल याचा भरवसा नाही."

दसऱ्याच्या संध्याकाळी रावण डाव्या पायाला बांबूच्या कामट्या बांधून, वाकडाच का होईना, जळाला होता. तिवारीचाची पुढे बरीच वर्षं सांगायच्या की वैशंपायनांच्या घरात रामापेक्षा खोबरेल तेल भारी. चाची गेल्या तेव्हा शर्मिष्ठा रडली. माणिकआत्या त्या वर्षानंतर चार दसरे लखनौला आली आणि चारही वेळा सायकलीला फक्त हँडलवर कुंकू लावलं. ती साताऱ्याला झोपेतच गेली. अभिराम हैदराबादला असतो. मोटार नोकराकडून धुवून घेतो आणि ओरखड्याच्या खुणा दाखवून मुलांना रावणाशी लढल्याचं सांगतो. विनीताबाई गुडघ्यांनी अधू झाल्या, तरी नवमीला मशीनची पूजा करतात.

मधुसूदनराव निवृत्त झाले, लखनौच्याच वृंदावन योजना वसाहतीत घर बांधलं. पाहुणे आले की ही गोष्ट ते रंगवून सांगतात. रावण, जिलबी, ताईचं तेल, सगळं सांगतात. सायकल बरेलीला चालली होती, तेवढं नेमकं विसरतात.

शर्मिष्ठा तिथेच कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती सायकल तिच्या व्हरांड्यात आहे, टायर तिसऱ्यांदा बदललेत, साखळी झळझळीत आहे. वडील गोष्ट सांगत असताना ती असली, तर त्या जागी आली की ती चहाचा कप खाली ठेवते आणि म्हणते, "बाबा, बरेली राहिली."