थोरलीची फाइल

वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. धाकटी नवी पानं सजवायची. थोरली तीच पानं जुन्या ब्राउझरांत उघडून बघायची आणि जिथे रकाने एकमेकांवर चढायचे, बटणं चित्राखाली दडायची, तिथे डागडुजी करायची. धाकटीला शाबासकी मिळे. थोरलीचं काम नीट झालं की ते कुणाला दिसतच नसे.

त्याचंही तिने मनाला लावून घेतलं नसतं. पण एका रविवारी धाकटी माहेरी आलेली असताना बाबांनी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बोलावलं, आपला पंधरा वर्षांचा खडखडणारा कॉम्प्युटर लावला आणि डोळ्यांच्या दवाखान्याचं नवं पान उघडून दाखवलं.

"धाकटीनं केलंय! बघा, आमच्या या डबड्यावरसुद्धा कसं झकास दिसतंय!"

थोरली चहाचे कप घेऊन दारातच थबकली. असल्या डबड्यांवर ते दिसावं म्हणून तिने नऊ दिवस मान मोडून काम केलं होतं. धाकटी नुसती हसली. ताईचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी ऑफिसात जाताच तिने त्या पानाच्या कोडमधली एकच ओळ खोडली. जुन्या ब्राउझरला तिची दुरुस्तीची फाइल दाखवून देणारी ओळ. नव्या मशीनवाल्यांना पत्ताही लागला नाही.

गुरुवारी सकाळी धाकटी तिच्या टेबलाशी आली. "ताई, बाबांचा फोन होता. तपासणीची वेळ घ्यायला बसले, तर पान पार विस्कटलंय. 'पाठवा'चं बटणच सापडेना. तुझ्या फाइलचं काही झालंय का गं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला फोन केला? मला नाही?" थोरलीला आधी तेच झोंबलं.

"पान माझं ना, म्हणून. आता निघालेत चालत. दवाखान्यातच जाऊन नंबर लावतो म्हणाले."

गुडघा धरून चालणारे बाबा थोरलीच्या डोळ्यांपुढे आले. तिने ओळ परत घातली.

संध्याकाळी ते पाय शेकत बसले होते. ती समोर जाऊन बसली.

"बाबा, ते पान मीच बिघडवलं. तुमच्या मशीनवर ते दिसतं ते माझ्यामुळे. आणि तुम्ही ऊठसूट तिचंच कौतुक करता."

बाबांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "अगं, मला वाटायचं, तू तिथे फोन घेतेस."

"सात वर्षं?"

"तू तरी कधी सांगितलंस?" मग पाय खाली घेत ते म्हणाले, "दोन तास उभा होतो गं मी. हे बरं नाही केलंस."

तिला रडू फुटलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने धाकटीला फोन लावला. आता हे तिला सगळं सांगणार, असं थोरलीला वाटलं. पण बाबा एवढंच म्हणाले, "पान नीट झालं. ताईनं केलं. असली कामं तीच करते म्हणे."

"मग! ताईच करणार," पलीकडून धाकटी कौतुकाने म्हणाली. "मला कुठलं जमायला!"

दुसऱ्याचं कौतुक किती सहज केलं हिनं! तेवढा सहजपणाही हिलाच का मिळाला, असं डोळे पुसता पुसता थोरलीच्या मनात आलंच.