आर्विडचं दुसरं पुस्तक

माझ्या नवऱ्याने, आर्विडने, पहिल्या कादंबरीत आमच्या मिनेसोटातल्या गावाची सालटी काढली. गावाने काय करावं? चर्चच्या तळघरात त्याचा सत्कार ठेवला. शेजारच्या व्हर्नाच्या ट्यूना-नूडल्सना त्याने पुस्तकात भिंतीला कागद चिकटवायची खळ म्हटलं होतं. तिने मुद्दाम तेच करून आणलं आणि त्याला दोनदा वाढलं. रुग्णाच्या तोंडात हात घालून चहाड्या करणारा पुस्तकातला दंतवैद्य आपणच, हे डॉक्टर एल्मर अजून पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.

आर्विडला इथून सुटायचं होतं. न्यूयॉर्कला जाऊन राहायचं होतं, एकट्याने. पण भांडण झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी घर सोडत नाही आणि भांडता तर कुणालाच येत नाही. तोही इथलाच. निरोप घ्यायला दारात उभा राहिला तर तासभर बर्फ किती पडला ते बोलेल आणि पुन्हा आत येऊन बसेल. म्हणून त्याने लेखणी विषात बुडवून दुसरी कादंबरी लिहिली आणि गेल्या रविवारी तळघरात स्वतः वाचून दाखवली. एकाने जरी हाकललं तरी त्याला पुरे होतं.

"तो ढोंगी म्हातारा मीच ना रे?" एल्मर खूश होऊन म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्ही होतात की," पास्टर म्हणाले. "या वेळी मला होऊ द्या."

"फार वाईट नाही झालंय रे," व्हर्ना म्हणाली. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. बिचाऱ्याचा चेहरा पडला.

मग त्याने शेवटचं प्रकरण काढलं. त्यात एक बायको होती. गोड बोलणारी, नवऱ्याचे मोजे रफू करणारी आणि त्याला जिवंत पुरणारी. वाचून संपलं तेव्हा "ती मीच" असं कुणी म्हणालं नाही. सगळे ताटांत बघत बसले. आर्विड तेवढा माझ्याकडे बघत होता, आशेने.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. तेव्हाच कळलं, त्याला गावाचा नाही, माझा राग हवा होता. मी एक शब्द वाकडा बोलले असते तर तो त्याच संध्याकाळच्या बसने गेला असता. मला रागावता येतं. पण मी का म्हणून त्याला दार उघडून देऊ?

मी उठले, त्याच्या हातातली पानं काढून नीट जुळवली.

"छान लिहिलंयस हो," मी म्हणाले. "दमला असशील. चल घरी."

त्याने मान डोलावली आणि मुकाट्याने माझ्यामागून निघाला.