सीटखालचा जॅक

प्रत्येक घरात एखादी तरी वस्तू अशी असते, जिची जागा एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष असतो, आणि त्याला या गोष्टीचा थोडा अभिमानही असतो. "मी आहे ना," असं तो म्हणाला की विषय संपला. पण तो नसला तर, किंवा असून नसल्यासारखा झाला तर काय, हे कुणी विचारत नाही. विचारणं अभद्र वाटतं.

अमरावतीच्या राजापेठेत राहणारे उत्तमराव हे असेच कर्ते पुरुष. कापसातली सरकी काढायची जिनिंग वडिलांपासून चालत आलेली, आणि वडिलांनीच हौसेनं घेतलेली एक जुनी, लांबलचक, काळी मर्सिडीज. ती राजापेठेच्या गर्दीत शिरली की स्कूटरवाले आपणहून बाजूला होत. उत्तमराव तिला स्वतः पुसत आणि स्वतःच चालवत. त्यांच्या पत्नी माणिकबाई लग्नाआधी अकोल्याला वडिलांची जीप चालवायच्या. पण या गाडीचं स्टिअरिंग त्यांच्या हाती कधी आलं नाही.

गाडीच्या अवजारांचं तर विचारूच नका. जॅक आणि चाकाचा पाना डिक्कीत ठेवला की खडखड वाजायचा आणि उत्तमरावांना ते सहन होत नसे. त्यात एका गॅरेजमध्ये मूळचा पाना गेला आणि त्याजागी भलताच आला. तेव्हापासून त्यांनी गाडीतच एक चोरजागा करून घेतली आणि सगळी अवजारं मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून तिथं ठेवली. कुठं, ते कुणालाच सांगितलं नाही. माणिकबाईंनी एकदा सहज विचारलं, तर हसून म्हणाले, "तुले काय करायचं त्याचं?"

हे वाक्य त्या घरात नवीन नव्हतं. ती वर्षंच वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि खेड्याखेड्यातून अशा बातम्या येत की सकाळचं वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी. जिनिंगचं कसं चाललंय म्हणून माणिकबाई काळजीनं विचारत आणि उत्तर हेच मिळे. रागानं नव्हे बरं का, मायेनंच! बायकोच्या जिवाला घोर नको, हा त्यातला विचार. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, हातात जेवणाचा डबा घेऊन उत्तमराव जिनिंगला जात. माणिकबाईंना त्यातच सगळं ठीक दिसे.

डिसेंबरातल्या एका दुपारी दोघं भातकुलीकडच्या एका खेड्यातलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आटोपून परतत होते. आडरस्त्यावर गाडीचं पुढचं चाक फुटलं आणि गाडी रस्ता सोडून शेताच्या कडेला उतरली. हरभऱ्याला नुकतंच पाणी दिलेलं होतं. काळ्या मातीत चाक रुतून बसलं. पाच मिनिटांचं काम आहे, तू बसून राहा, असं बायकोला सांगून उत्तमराव खाली उतरले, मागच्या दाराशी गेले आणि दाराला धरून तिथंच खाली बसले.

माणिकबाई धावल्या. नवऱ्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लुळा पडला होता. अर्धांगवायूचा झटका आला होता.

त्यांच्या खिशातल्या मोबाईलला तिथं रेंज नव्हती. माणिकबाईंनी स्टिअरिंग हाती घेतलं, पण गाडी हलेना. चाक आणखी खोल गेलं. ते वर उचलून बदलायचं आणि खाली दगड घालायचे, एवढाच उपाय होता. चाक बदलणं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. त्यांनी डिक्की उघडली. स्टेपनी होती. जॅक नव्हता, पाना नव्हता.

"अहो, जॅक कुठी ठेवला?"

उत्तमरावांच्या घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. आयुष्यभर जे सांगितलं नाही, ते आज सांगायचं होतं आणि जीभ वळत नव्हती.

बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. सगळ्यांत पुढं मैनाबाई नावाची एक बाई होती. उत्तमराव डाव्या हातानं पुन्हा पुन्हा मागच्या सीटकडे बोट दाखवत होते. बायांना वाटलं, यांना आडवं व्हायचंय. त्यांनी उचलून त्यांना सीटवर निजवलं. ते मान हलवत राहिले, सीटवर हात आपटत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भाऊला दुखत असेल, असं म्हणत मैनाबाईनं आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. तोवर माणिकबाईंनी पुढच्या सीटखाली पाहिलं, बॉनेट उघडून पाहिलं, डिक्कीतला गालिचा उपसून काढला.

शेवटी दिवस कलता कलता कापसाचा एक मेटाडोर आला आणि उत्तमराव कापसाच्या गाठोड्यांवर निजून अमरावतीला पोचले. जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हातही वाचला असता.

वाचा हळूहळू परत येऊ लागली. डॉक्टर त्यांच्याकडून बायकोचं नाव म्हणवून घेत होते. उत्तमरावांनी माणिकबाईंकडे बघितलं आणि फार कष्टानं पहिला शब्द उच्चारला, "सीट... सीटखाली."

माणिकबाई तशाच घरी गेल्या. मेकॅनिकनं गाडी केव्हाच आणून उभी केली होती. त्यांनी मागची सीट ओढून काढली. मखमलीत गुंडाळलेला जॅक, त्याचा दांडा, पाना, सगळं तेल लावून लखलखीत! ज्या सीटवर त्यांनी नवऱ्याला निजवलं होतं, तिच्याखालीच मदत होती. त्या बराच वेळ तो जॅक मांडीवर घेऊन रडत बसल्या.

पुढं उत्तमराव घरी आल्यावर मैनाबाई तुरीच्या शेंगा घेऊन भेटायला आली. माणिकबाईंनी तिला जॅक दाखवला. ती गरीब बाई, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती.

"म्हंजे भाऊ, तुमच्या बुडाखालीच होता ना!" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "माहा नवरा पुंजारामही असाच होता. काही इचारलं का म्हने, तुले काय करायचं? मायेनंच म्हने. अन् एक दिवस सोताच्या हातानं जीव देऊन निघून गेला. लोक मले इचारत, काय झालतं? मी काय सांगू? मले कोनी सांगतलंच नोतं."

मैनाबाई उत्तमरावांच्या जवळ सरकली.

"त्या राती मी त्याच्या बाजूलेच निजली होती, भाऊ. हात लांब केला असता तं लागली असती. माहा भाऊ अकोल्याले आहे, त्याले बोलावलं असतं. दोघं मिळून काहीबी केलं असतं. पन मानसानं सांगाले तं पायजे ना! तुमी जॅकवर निजले होते, तो माह्या बाजूले निजला होता. दोघायचंही सारखंच झालं."

मैनाबाई गेली.  उत्तमरावांनी डाव्या हातानं बायकोचा हात धरला.

"जिनिंग... बंद आहे. दिवाळीपासून."

दिवाळीपासून! म्हणजे तो इस्त्रीचा सदरा, तो डबा, सगळं त्या बंद फाटकामागं एकट्यानं बसण्यासाठी होतं. माणिकबाईंच्या डोळ्यांपुढे पुंजाराम उभा राहिला. न पाहिलेला तो माणूस त्यांना त्या क्षणी फार ओळखीचा वाटला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "एकटे बसून जेवत होते तुमी? आता बोला. मी आयकून राहिली."

आणि उत्तमराव बोलले. अडखळत, थांबत, पण त्या संध्याकाळी मनातलं सगळं बोलले.

आज ती गाडी माणिकबाई चालवतात. जॅक आणि पाना डिक्कीत उघड्यावर असतो आणि खुशाल खडखड वाजतो. उत्तमराव शेजारी बसतात आणि तो आवाज ऐकतात.

बंधूंनो, घरच्यांना त्रास नको म्हणून आपण दुःख मनात लपवतो आणि त्याला प्रेम म्हणतो. पण आपण लपवलेल्या गोष्टीचा भार शेवटी त्यांच्यावरच पडतो, आणि तोही आपण सांगण्याच्या स्थितीत नसताना. म्हणून जीभ चालते आहे तोवर बोला. घरात काय कुठं आहे ते सांगा, आणि मनात काय आहे तेही सांगा. ऐकणारं माणूस बाजूलाच बसलेलं आहे.